ऑगस्टो बोआल : प्रेक्षकाच्या हाती रंगमंच सोपवणारा नाटककार

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला
• ऑगस्टो बोआल यांच्या जीवनातील महत्त्वाचे टप्पे सांगता येतील.
• 'शोषितांची रंगभूमी' ही संकल्पना कोणत्या अनुभवांतून आकाराला आली, हे स्पष्ट करता येईल.
• वृत्तपत्र-नाट्य, अदृश्य नाट्य, फोरम नाट्य आणि विधायी नाट्य यांतील फरक सांगता येईल.
• परदेशांतील विकासनाट्याच्या अनुभवातून आपल्याकडील समूहरंगभूमीने काय घ्यावे, याचा विचार करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, गावात पथनाट्य आले की काय घडते, हे आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले आहे. चौकात ढोलकी वाजते, माणसे जमतात. दारू, हुंडा, स्वच्छता, साक्षरता यांपैकी एखाद्या विषयावर पंधरा-वीस मिनिटांचा खेळ होतो. अखेरीस एक संदेश सांगितला जातो, टाळ्या पडतात, नटमंडळी गाडीत बसून निघून जातात आणि गाव आपल्या कामाला लागते. या साऱ्या व्यवहारात कुणाचा हेतू वाईट नसतो. तरीही एक प्रश्न उरतो. समस्या गावाची, ती भोगणारी माणसेही गावाची. मग उत्तर तेवढे बाहेरून आलेल्यांचे का असावे?

ब्राझीलचे नाटककार, दिग्दर्शक आणि नाट्यशिक्षक ऑगस्टो बोआल यांना हा प्रश्न तरुणपणीच पडला. तो पुस्तकातून पडला नाही, एका नाट्यप्रयोगानंतर त्यांच्यावर जी नामुष्की ओढवली तिच्यातून पडला. त्याचे उत्तर शोधण्यात त्यांचे उरलेले आयुष्य गेले. लोकांच्या विकासासाठी रंगभूमीचा वापर करण्याच्या ज्या पद्धती आज जगभर प्रचलित आहेत, त्यांपैकी अनेकांचे मूळ या शोधात आहे. म्हणून प्रस्तुत घटकात आपण बोआल यांचे चरित्र पाहणार आहोत आणि त्यातून आपल्या समूहरंगभूमीसाठी काही निष्कर्ष काढता येतात का, याचाही विचार करणार आहोत.

४.२ जडणघडण

ऑगस्टो बोआल यांचा जन्म १६ मार्च १९३१ रोजी रिओ दी जानेरो या शहरात झाला. त्यांचे आईवडील मूळचे पोर्तुगालचे. शहराच्या उत्तर भागातील पेन्या या कामगारवस्तीत वडिलांची बेकरी होती. पहाटे पाव नेण्यासाठी येणारे कष्टकरी लोक, त्यांचे बोलणे, त्यांची उधारी आणि त्यांची थट्टामस्करी यांच्या सहवासात त्यांचे बालपण गेले. घरातील भावंडांना जमवून लहानमोठी नाटके बसवण्याचा छंद त्यांना याच वयात लागला.

मुलाने पदवी घ्यावी, ही वडिलांची इच्छा होती. त्यानुसार बोआल यांनी रसायन अभियांत्रिकीचे शिक्षण पूर्ण केले. पुढील अभ्यासासाठी ते अमेरिकेत न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे रसायनशास्त्राबरोबरच त्यांनी जॉन गॅसनर या नामवंत नाट्याभ्यासकाच्या मार्गदर्शनाखाली नाट्यलेखनाचा अभ्यास केला. अभियंता होण्यासाठी गेलेला हा तरुण नाटककार होऊनच मायदेशी परतला.

४.३ अरेना रंगमंच : स्वदेशी नाटकाचा शोध

१९५६ मध्ये बोआल साओ पावलो येथील 'अरेना' या नाट्यसंस्थेत दिग्दर्शक म्हणून रुजू झाले. जोझे रेनातो यांनी स्थापन केलेली ही संस्था आकाराने लहान होती. तिचा रंगमंच मधोमध आणि प्रेक्षक सभोवार अशी रचना असे. भरजरी पडदे, मोठी नेपथ्ये यांना तेथे वाव नव्हता आणि तेवढा पैसाही नव्हता. आपल्याकडे तमाशाच्या फडाला किंवा जलशाला जसा मोकळा चौक पुरतो, तसेच काहीसे हे होते. अशा मांडणीत सारा भार नटाच्या देहावर आणि शब्दावर येतो.

त्या काळी ब्राझीलच्या प्रतिष्ठित रंगभूमीवर युरोपीय नाटकांचा आणि युरोपीय अभिनयशैलीचा प्रभाव होता. आपल्या देशातील माणूस त्याच्या बोलीसह रंगमंचावर यावा, असा आग्रह अरेनाच्या मंडळींनी धरला. १९५८ मध्ये जॅनफ्रान्सेस्को ग्वार्निएरी यांचे, कारखान्यातील संपाच्या काळात एका कामगार कुटुंबात पडलेली फूट दाखवणारे नाटक या संस्थेने सादर केले. त्याला मोठे यश मिळाले आणि बंद पडू पाहणारी संस्था सावरली. त्याच वर्षी बोआल यांच्या पुढाकाराने नव्या नाटककारांसाठी लेखनवर्ग सुरू झाला. या वर्गात लेखक, नट आणि दिग्दर्शक एकत्र बसून एकमेकांच्या संहितांची चिकित्सा करीत.

तरीही एक मर्यादा कायम होती. नाटक कामगारांविषयी होते, पण तिकीट काढून येणारा प्रेक्षक बहुतांशी मध्यमवर्गीय होता. ही मर्यादा ओलांडण्यासाठी मंडळी शहराबाहेर पडली आणि तेथेच बोआल यांच्या जीवनातील निर्णायक प्रसंग घडला.

४.४ बंदुकांचा प्रसंग

साठच्या दशकाच्या आरंभी ब्राझीलच्या ईशान्य भागात जमिनीचा प्रश्न तीव्र झाला होता. बड्या जमीनदारांच्या विरोधात शेतकऱ्यांचे संघ उभे राहत होते. बोआल आणि त्यांचे सहकारी या भागात एक नाटक घेऊन गेले. शेतकऱ्यांनी आपल्या हक्कासाठी उठाव करावा, प्रसंगी रक्त सांडावे, असा त्याचा आशय होता. शेवटच्या प्रवेशात नट हातातील बंदुका उंचावून त्यागाचे आवाहन करणारे गीत गात असत.

एका प्रयोगानंतर भारावून गेलेला एक शेतकरी त्यांच्याकडे आला. आमचे आणि तुमचे विचार एकच आहेत, तेव्हा तुम्ही तुमच्या बंदुका घेऊन चला, आपण मिळून जमीन बळकावणाऱ्यांना हुसकावून लावू, असे त्याने सुचवले. त्या बंदुका खऱ्या नसून नाटकासाठी केलेल्या आहेत, हे बोआल यांना ओशाळून सांगावे लागले. शेतकऱ्याने तेही समजून घेतले. बंदुका खोट्या असल्या तरी माणसे खरी आहेत आणि आमच्याकडे सर्वांना पुरतील एवढ्या खऱ्या बंदुका आहेत, असे त्याने सांगितले. आता मात्र मंडळींपाशी उत्तर उरले नाही. आपण कलावंत आहोत, लढणारे शेतकरी नव्हे, अशी सारवासारव त्यांना करावी लागली. तेव्हा त्या शेतकऱ्याच्या ध्यानात आले, की हे कलावंत ज्या रक्ताविषयी गात होते ते कलावंतांचे नव्हते, शेतकऱ्यांचे होते.

या प्रसंगाची बोचणी बोआल यांच्या मनात कायम राहिली. पुढे आपल्या लेखनातून त्यांनी तो स्वतःची बाजू न सावरता पुनःपुन्हा सांगितला. त्यातून त्यांनी स्वतःसाठी एक दंडक घालून घेतला. जो धोका आपण स्वतः पत्करणार नाही, तो पत्करण्याचा उपदेश इतरांना करायचा नाही. ही केवळ एका कलावंताची सदसद्विवेकबुद्धी नव्हती. उपदेश करणारी रंगभूमी सोडून प्रश्न विचारणाऱ्या रंगभूमीकडे जाण्याचा तो आरंभ होता.

४.५ लष्करी राजवट आणि अटक

१९६४ मध्ये ब्राझीलमध्ये लष्कराने सत्ता हाती घेतली. त्याच वर्षाच्या अखेरीस बोआल यांनी रिओमध्ये 'ओपिनियाव' हा गीतांनी गुंफलेला प्रयोग दिग्दर्शित केला. १९६५ मध्ये पळून आलेल्या गुलामांच्या पाल्मारेस येथील वसाहतीवर आणि तिचा नेता झुंबी याच्यावर आधारित नाटक अरेनाने सादर केले. १९६७ मध्ये स्वातंत्र्यवीर तिरादेन्तेस याच्या जीवनावरील नाटक आले. वर्तमानाविषयी थेट बोलणे अवघड झाल्यामुळे इतिहासाचा आधार घेतला गेला.

या नाटकांत बोआल यांनी 'जोकर' नावाची योजना विकसित केली. एकच भूमिका वेगवेगळे नट आळीपाळीने करीत. कथेच्या बाहेर उभा राहून प्रेक्षकांशी बोलणारे, घटनांचा अर्थ विचारणारे एक पात्र असे. पत्त्यांच्या डावातील जोकर जसा कोणत्याही पानाच्या जागी बसतो, तसे हे पात्र कोठेही संचार करू शके. मराठी वाचकाला येथे सूत्रधाराची किंवा महात्मा फुले यांच्या 'तृतीय रत्न' या १८५५ मधील नाटकातील विदूषकाची आठवण होईल. कथानकात गुंतलेल्या प्रेक्षकाला थांबवून विचार करायला लावणे, हे कार्य दोन्हीकडे दिसते.

डिसेंबर १९६८ मध्ये राजवटीने नागरिकांचे उरलेसुरले हक्कही काढून घेतले. नाटकांवर कडक नियंत्रण आले. अशा वेळी अरेनातील तरुण नटांसह बोआल यांनी 'वृत्तपत्र-नाट्य' हा प्रकार सिद्ध केला. दैनिकातील बातमी घ्यायची आणि ती वेगवेगळ्या रीतींनी सादर करायची, अशी ही पद्धत होती. परस्परविरोधी दोन बातम्या एकमेकींत मिसळून वाचायच्या, बातमीने गाळलेला भाग भरून काढायचा, बातमी वाचली जात असताना प्रत्यक्षातील स्थिती मूक अभिनयाने दाखवायची, असे तिचे अनेक प्रकार होते. ही तंत्रे विद्यार्थ्यांना आणि वस्त्यांतील गटांना शिकवली गेली. येथे महत्त्वाचा बदल असा झाला, की लोकांना तयार नाटक देण्याऐवजी नाटक करण्याचे साधन दिले गेले.

फेब्रुवारी १९७१ मध्ये तालमीनंतर घरी परतत असताना बोआल यांना पकडण्यात आले. कैदेत त्यांचा छळ झाला. जगभरातील कलावंतांनी त्यांच्या सुटकेसाठी आवाज उठवला. काही महिन्यांनी सुटका झाल्यावर त्यांनी देश सोडला. पत्नी सेसिलिया थुमिम या मूळच्या अर्जेंटिनाच्या असल्यामुळे ते ब्यूनस आयर्स येथे राहू लागले. पुढील पंधरा वर्षे त्यांच्या वाट्याला परदेशवास आला.

अर्जेंटिनातही परिस्थिती सुरक्षित नव्हती. उघडपणे नाटक करणे शक्य नव्हते, म्हणून 'अदृश्य नाट्य' हा प्रकार पुढे आला. उपाहारगृह, रेल्वेचा डबा, बाजार अशा ठिकाणी नट एखादा प्रसंग असा घडवीत, की आसपासच्या लोकांना ते नाटक आहे याची कल्पनाही येत नसे. एखादा नट भरपेट जेवून पैसे नसल्याचे सांगे आणि त्याबदल्यात काम करण्याची तयारी दाखवी. मग कोणत्या कामाला ताशी किती मजुरी मिळते आणि एका जेवणासाठी कष्टकऱ्याला किती तास राबावे लागेल, याची चर्चा साऱ्या उपाहारगृहात पसरे.

आपली प्रगती तपासा – १
१. बंदुकांच्या प्रसंगातून बोआल यांनी कोणता दंडक स्वीकारला?
२. वृत्तपत्र-नाट्य आणि अदृश्य नाट्य यांत कोणता फरक आहे?

४.६ पेरूमधील साक्षरता मोहीम आणि फोरम नाट्याचा जन्म

१९७३ मध्ये पेरूच्या शासनाने देशव्यापी साक्षरता मोहीम हाती घेतली. तिच्यावर ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पावलो फ्रेरे यांच्या विचारांचा प्रभाव होता. शिकणारा माणूस म्हणजे रिकामे भांडे नव्हे, त्याच्यापाशी जगण्याचे ज्ञान असते आणि शिक्षण हा दोन्ही बाजूंनी चालणारा संवाद असतो, अशी फ्रेरे यांची धारणा होती. पेरूमध्ये स्पॅनिशखेरीज अनेक भाषा बोलल्या जातात. म्हणून लोकांना त्यांच्या मातृभाषेत आणि स्पॅनिशमध्येही अक्षरओळख द्यावी आणि त्याबरोबर छायाचित्रण, नाटक यांसारख्या 'भाषा' शिकवाव्यात, अशी या मोहिमेची दृष्टी होती. नाट्यविभागात बोआल सहभागी झाले.

या मोहिमेतील छायाचित्रणाचा एक अनुभव त्यांनी नोंदवला आहे. शिकणाऱ्यांच्या हाती कॅमेरे देऊन प्रश्न विचारले जात आणि उत्तर छायाचित्रातून द्यायचे असे. शोषण म्हणजे काय, या प्रश्नाचे उत्तर म्हणून एका मुलाने भिंतीतील खिळ्याचे छायाचित्र काढले. मोठ्यांना त्याचा अर्थ लागेना, इतर मुलांना मात्र तो लगेच पटला. लिमा शहरात बूटपॉलिश करणारी मुले दूरच्या वस्त्यांतून येत. पॉलिशची जड पेटी रोज ने-आण करणे त्यांना झेपत नसे. म्हणून दुकानांच्या भिंतीवरील एक खिळा ती भाड्याने घेत आणि रात्री त्यावर पेटी टांगून ठेवत. दिवसभराच्या तुटपुंज्या कमाईतून त्या खिळ्याचे भाडे जाई. शोषणाची व्याख्या बाहेरच्या विद्वानाला ठाऊक असेल. पण त्याचा खिळा कोठे ठोकला आहे, हे भोगणाऱ्यालाच ठाऊक असते. विकासनाट्याचे मर्म समजून घेण्यासाठी हे एकच उदाहरण पुरेसे आहे.

फोरम नाट्याचा उगमही याच काळातील. त्या वेळी बोआल यांची पद्धत अशी होती : लोकांपैकी कुणी आपली अडचण सांगावी, नटांनी ती पेचाच्या क्षणापर्यंत सादर करावी, मग प्रेक्षकांनी उपाय सुचवावेत आणि नटांनी ते करून दाखवावेत. एकदा एका निरक्षर स्त्रीने आपली कहाणी सांगितली. नवऱ्याने तिच्याकडे काही कागद सांभाळायला दिले होते. ते घराच्या व्यवहाराचे आहेत, असे तो सांगत असे. शेजारणीकडून वाचून घेतल्यावर कळले, की ती त्याच्या प्रेयसीची पत्रे आहेत. रात्री नवरा घरी येईल, तेव्हा आपण काय करावे, असा तिचा प्रश्न होता.

प्रेक्षकांतील स्त्रियांनी नाना उपाय सुचवले. एका धिप्पाड बाईने असे सुचवले, की नवऱ्याशी स्पष्ट बोलावे आणि मग त्याला क्षमा करावी. नटीने तसे करून दाखवले, पण बाईचे समाधान होईना. पुन्हा केले, तरी तिला ते पटेना. अखेर बोआल यांनी तिलाच रंगमंचावर येण्यास सांगितले. ती आली, झाडू घेतला आणि नवऱ्याची भूमिका करणाऱ्या नटाला तिने चांगलेच बडवले. मगच तिने त्याला क्षमा केली आणि जेवण वाढायला फर्मावले. स्पष्ट बोलणे याचा तिचा अर्थ हा होता!

प्रसंग विनोदी असला तरी त्यातील बोध गंभीर आहे. एकाचा अनुभव दुसऱ्याने कितीही प्रामाणिकपणे मांडला, तरी त्यात अर्थाची गळती होते. म्हणून प्रेक्षकाने सूचना करून थांबू नये. नटाची जागा घेऊन त्याने आपला उपाय स्वतः करून पाहावा. अशा प्रेक्षकाला बोआल यांनी 'प्रेक्षक-नट' म्हटले. फोरम नाट्यात अन्यायाचा एक प्रसंग आधी जसाच्या तसा सादर होतो आणि त्यात पीडित पात्र हरते. तोच प्रसंग पुन्हा सुरू होतो तेव्हा प्रेक्षकांपैकी कुणीही तो थांबवून पीडिताच्या जागी उभे राहू शकते. समोरचे नट मात्र सहजासहजी माघार घेत नाहीत. प्रत्यक्ष जीवनात सावकार, मुकादम किंवा सासरा जसा वागेल तसेच ते वागतात. जोकर हा येथे चर्चेचा संचालक असतो. त्याने उत्तर द्यायचे नसते, सुचवलेला उपाय प्रत्यक्षात टिकेल का, एवढेच सर्वांना विचारायचे असते. अशा रीतीने रंगमंच ही जीवनातील कृतीची तालीम होते.

या अनुभवांवर आधारित ग्रंथ १९७४ मध्ये ब्यूनस आयर्स येथे स्पॅनिश भाषेत प्रसिद्ध झाला. फ्रेरे यांच्या 'शोषितांचे शिक्षणशास्त्र' या ग्रंथाशी नाते सांगणारे 'शोषितांची रंगभूमी' हे नाव त्याला देण्यात आले.

४.७ युरोपातील वास्तव्य

१९७६ मध्ये अर्जेंटिनातही लष्करी सत्ता आली. बोआल पोर्तुगालला गेले. त्याच वर्षी गायक-कवी शिको बुआर्की यांनी या परागंदा मित्राला उद्देशून पत्ररूप गीत रचले. १९७८ मध्ये ते पॅरिसला स्थायिक झाले, तेथे त्यांनी अध्यापन केले आणि आपल्या पद्धतीच्या प्रसारासाठी केंद्र उभारले.

येथे त्यांना नवा पेच पडला. लॅटिन अमेरिकेतील लोक पोलीस, जमीनदार, भूक यांविषयी बोलत. युरोपातील शिबिरार्थी मात्र एकाकीपण, पोकळी, संवादाचा अभाव यांविषयी बोलू लागले. आरंभी बोआल यांना ही दुःखे किरकोळ वाटली. परंतु याच समाजांत अनेक माणसे आत्महत्या करतात, हे ध्यानात आल्यावर त्यांनी आपले मत बदलले. पोलीस दारात नसेल, तर तो माणसाच्या डोक्यात असू शकतो. मग तो तेथे कसा शिरला, हे शोधले पाहिजे, अशी त्यांची भूमिका झाली. सेसिलिया यांच्यासमवेत त्यांनी या विषयावर कार्यशाळा घेतल्या. एका समाजासाठी घडवलेली पद्धत दुसऱ्या समाजावर जशीच्या तशी लादायची नाही, तिला तेथील दुःख ऐकून बदलू द्यायचे, हा त्यांच्या कार्यातील महत्त्वाचा धडा येथे दिसतो.

४.८ नगरसभेतील रंगभूमी

लष्करी राजवट संपल्यानंतर १९८६ मध्ये बोआल रिओला परतले. तेथे त्यांनी शाळांतील सांस्कृतिक कार्यकर्त्यांना प्रशिक्षण दिले आणि केंद्र सुरू केले. मात्र आर्थिक पाठबळ टिकले नाही. १९९२ च्या नगरसभेच्या निवडणुकीत कामगार पक्षातर्फे उभे राहताना निवडून येण्याची फारशी आशा त्यांना नव्हती, परंतु ते निवडून आले.

१९९३ ते १९९६ या कार्यकाळात त्यांनी 'विधायी नाट्य' हा प्रयोग केला. आपल्या नाट्यसहकाऱ्यांना त्यांनी सदस्य-कार्यालयात घेतले. वस्त्या, वृद्ध, अंध, विद्यार्थी, घरकामगार अशा गटांत फोरम नाट्य होई. तेथे आलेल्या सूचनांची नोंद केली जाई, विधिज्ञ तिला प्रस्तावाचे रूप देत आणि बोआल तो नगरसभेत मांडत. या मार्गाने सुमारे १३ कायदे संमत झाले. नगरपालिकेच्या रुग्णालयांत वृद्धांच्या उपचारांची तज्ज्ञ सोय असावी आणि गुन्ह्याच्या साक्षीदारांना संरक्षण मिळावे, असे विषय त्यांत होते.

अंध नागरिकांच्या गटातून आलेली एक सूचना विशेष बोलकी आहे. रिओतील सार्वजनिक दूरध्वनींची गोलाकार आवरणे खांबावर उंच बसवलेली असत. अंध व्यक्तीची काठी जमिनीलगत फिरते, त्यामुळे ती खालून मोकळी जाई आणि डोके वरच्या आवरणावर आदळे. आवरणाखाली जमिनीवर उंचवटा केला, तर काठीला आधीच सूचना मिळेल, असे त्यांनी सुचवले. डोळस अभियंत्याच्या नकाशात हा अपघात दिसला नव्हता. ज्याच्या कपाळाला मार बसला त्यालाच तो दिसला. लिमातील खिळ्याची आठवण येथे व्हावी.

१९९६ च्या निवडणुकीत बोआल पराभूत झाले. नगरसभेतील प्रयोग थांबला, कायदे मात्र राहिले. पुढे त्यांनी तुरुंगांत आणि भूमिहीन शेतमजुरांच्या चळवळीत काम केले. ज्या प्रश्नावर तीस-चाळीस वर्षांपूर्वी त्यांना ओशाळे व्हावे लागले होते, त्याच जमिनीच्या प्रश्नाकडे ते परत आले. या वेळी मात्र बंदुका उंचावणारे नट घेऊन ते गेले नाहीत. भूमिहीनांनी स्वतः नाटक करावे, यासाठी त्यांना तयार करण्यास ते गेले. मार्च २००९ मध्ये जागतिक रंगभूमी दिनाचा संदेश लिहिण्याचा मान त्यांना मिळाला. त्यानंतर थोड्याच आठवड्यांनी, २ मे २००९ रोजी, रिओ येथे वयाच्या ७८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आपली प्रगती तपासा – २
१. फोरम नाट्यात जोकरचे कार्य कोणते?
२. खिळ्याचे छायाचित्र आणि दूरध्वनीचे आवरण या दोन उदाहरणांतील समान सूत्र सांगा.

४.९ मूल्यमापन : आपल्या समूहरंगभूमीसाठी

बोआल यांना पडलेला प्रश्न त्यांच्या एकट्याचा नव्हता. त्याच दशकात आफ्रिकेतही तो विचारला जात होता. बोट्स्वानामध्ये १९७४ पासून विद्यापीठातील प्रौढशिक्षणाचे कार्यकर्ते आणि शासकीय विस्तारसेवक गावोगाव नाटके नेऊ लागले. नाटकानंतर चर्चाही होई. परंतु विषय आणि संदेश बहुधा अधिकारीच ठरवतात, लोकांच्या गरिबीची कारणे त्यात येत नाहीत, अशी टीका पुढे त्या कार्यात सहभागी असलेल्यांनीच केली. केनियात कामिरिइथू या गावी १९७७ मध्ये शेतकरी आणि कामगारांनी लेखकांसह आपल्या गिकुयू भाषेत नाटक उभे केले. लोकांनी स्वतःचे नाटक केल्यावर शासनाने त्यावर बंदी घातली आणि सहलेखक न्गुगी वा थिओंगो यांना कैदेत टाकले. पहिल्या उदाहरणात नाटक सुरक्षित राहिले, पण त्याचा कस कमी झाला. दुसऱ्यात त्याचा कस टिकला, पण त्याची किंमत मोजावी लागली. विकासनाट्य करणाऱ्याला या दोन टोकांमधूनच वाट काढावी लागते.

मराठी समाजाला समूहरंगभूमीची परंपरा नवी नाही. सत्यशोधक जलसे, आंबेडकरी जलसे, अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख यांच्या कलापथकाची लोकनाट्ये यांनी प्रबोधनाचे मोठे कार्य केले. त्यांतील बहुतेक कलावंत ज्या समाजाविषयी बोलत, त्याच समाजातून आलेले होते. त्यामुळे धोका पत्करण्याविषयीच्या बोआल यांच्या कसोटीला ते उतरतात. आजचे अनेक पथनाट्यसंच मात्र बाहेरून येतात, ठरलेला संदेश आणि ठरलेला निधी घेऊन येतात. बंदुकांचा प्रसंग त्यांना उद्देशून आहे. बंगालमध्ये १९८५ मध्ये स्थापन झालेली 'जन संस्कृति' ही संस्था ग्रामीण भागात फोरम नाट्य करीत आहे. ही पद्धत भारतीय मातीत रुजू शकते, याचा तो पुरावा आहे.

फोरम नाट्याच्या मर्यादाही लक्षात घेतल्या पाहिजेत. आयोजकाने उत्तर आधीच ठरवले असेल, तर प्रेक्षकाला मंचावर बोलावणे हा केवळ देखावा ठरतो. रंगमंचावर सावकाराला निरुत्तर केले म्हणून प्रत्यक्षातील कर्ज फिटत नाही. आणि गावात ज्याचे नाते, मजुरी किंवा घर दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून आहे, त्याने सर्वांसमोर बोलणे ही धोक्याची गोष्ट असते. तो धोका कुणाचा, हा प्रश्न प्रयोगापूर्वी स्वतःला विचारणे ही बोआल यांची खरी शिकवण आहे. परदेशातून घ्यायचे असेल, तर तंत्राआधी हा प्रश्न घ्यावा. तंत्र एका शिबिरात शिकता येते; रंगमंच दुसऱ्याच्या हाती देऊन आपण बाजूला उभे राहण्याची सवय लागायला मात्र बोआल यांनाही अनेक वर्षे लागली.

४.१० सारांश

कामगारवस्तीत वाढलेल्या ऑगस्टो बोआल यांनी अरेना रंगमंचावर स्वदेशी नाटकाचा पुरस्कार केला. ईशान्य ब्राझीलमधील अनुभवाने उपदेशपर नाटकाची मर्यादा त्यांना दाखवली. दडपशाहीच्या काळात वृत्तपत्र-नाट्य आणि अदृश्य नाट्य, पेरूतील साक्षरता मोहिमेत फोरम नाट्य आणि नगरसदस्य असताना विधायी नाट्य असे प्रकार त्यांनी विकसित केले. दुःख भोगणाऱ्याचे ज्ञान प्रमाण मानणे आणि स्वतः न पत्करलेल्या धोक्याचा उपदेश न करणे, ही त्यांच्या कार्याची दोन सूत्रे होत.

४.११ पारिभाषिक शब्द

प्रेक्षक-नट : प्रयोगात हस्तक्षेप करून भूमिका स्वीकारणारा प्रेक्षक.
जोकर : फोरम नाट्यात प्रेक्षक आणि नट यांच्यातील संवाद चालवणारा संचालक.
विकासनाट्य : आरोग्य, शिक्षण, उपजीविका, हक्क यांसंबंधी लोकांच्या सहभागाने केले जाणारे नाट्य.
विधायी नाट्य : लोकांच्या नाट्यरूप सूचनांचे कायद्याच्या प्रस्तावात रूपांतर करणारी पद्धती.

४.१२ स्वाध्याय

१. बोआल यांच्या नाट्यविचारातील बदलाचे टप्पे त्यांच्या जीवनातील घटनांच्या आधारे स्पष्ट करा.
२. जलसा आणि फोरम नाट्य यांतील प्रेक्षकाच्या स्थानाची तुलना करा.
३. उपक्रम : आपल्या परिसरातील एक अडचण निवडा. ती भोगणाऱ्या किमान तीन व्यक्तींशी बोला आणि पीडित पात्र जेथे हरते तेथे थांबणारा पाच मिनिटांचा प्रवेश लिहा. उत्तर लिहू नका. हा प्रवेश सादर झाल्यास सर्वांत अधिक धोका कुणाला आहे, याची नोंद शेवटी करा.